कपाळावरच्या आठ्या आणि ८३ लाख ठिपके

सिनेमाची नवी डिस्क हाती आली की आधी नायकाचं कपाळ बघावं. डबा, मेन्यू, सोबत दिलेल्या मुलाखती हे सगळं नंतर. नायक एका जागी थांबलाय, चेहरा पडदाभर आहे आणि मागे साधी भिंत किंवा आभाळ आहे, अशी जागा शोधायची. तिथे पॉज करायचं आणि सोफ्यावरून उठून टीव्हीपासून तीन फुटांवर उभं राहायचं. आठ्या जिथल्या तिथे आहेत का? भुवईचे केस सुटे दिसतात का? दाढीचे खुंट दिसतात, की गालावर नुसती राखाडी छटा पसरलीय? मग दहा-बारा फ्रेम एकेक करून पुढे सरकवायच्या. सिनेमा फिल्मवर चित्रित झालेला असेल तर मागच्या भिंतीवर बारीक रवाळ चुळबुळ दिसायला हवी आणि ती दर फ्रेमला वेगळी हवी. भिंत थिजलेली, गाल मेणाचे आणि केसांच्या कडेनं पांढुरकी रेघ, असं तिन्ही एकत्र दिसलं की समजायचं, डिस्क काढणाऱ्यांनी नायकाला पार्लरमध्ये पाठवून आणलंय.

त्या रवाळपणाला चाहते ग्रेन म्हणतात. फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात आणि ते प्रत्येक फ्रेमवर वेगळे पसरलेले असतात. रंगीत फिल्म धुतल्यावर चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक पुंजके उरतात. चित्र बनतं ते त्यांचंच. म्हणजे ग्रेन ही चित्रावर बसलेली धूळ नाही, पुसली की खालून स्वच्छ चित्र निघेल असं काही नसतं. पण यंत्राला हे कळत नाही. डीएनआर नावाची प्रक्रिया मागच्या-पुढच्या फ्रेम शेजारी ठेवून तुलना करते. तिन्ही-चारही फ्रेममध्ये जे सारखं, ते चित्र. जे बदललं, तो कचरा. भिंत या परीक्षेत पास होते. पाऊस, धूर, उडणारी माती आणि मान वळवताना हलणाऱ्या चेहऱ्यावरच्या बारीक रेषा मात्र दर फ्रेमला बदलतात, म्हणून त्यांच्यावरही बोळा फिरतो. मग चित्र फारच गुळगुळीत वाटायला लागलं की वरून शार्पनेस चढवतात आणि कडांना ती पांढुरकी रेघ येते. एक चूक झाकायला दुसरी.

याची प्रसिद्ध उदाहरणं चाहत्यांना तोंडपाठ असतात. ‘प्रेडेटर’ची २०१० मधली ब्लू-रे (डीव्हीडीनंतरची, जास्त बारीक चित्राची डिस्क) घ्या. जंगलात घामेजलेले, चिखल माखलेले ते आडदांड गडी तिच्यात शोरूममधल्या पुतळ्यांसारखे दिसतात. ‘टर्मिनेटर २’ची २०१७ मधली फोर-के, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांची, डिस्क थ्रीडीसाठी ग्रेन काढून साफ केलेल्या प्रतीवरून निघाली आणि श्वार्झनेगरच्या कातडीवरचं सगळं बारीक काम त्यात गेलं. यंत्रमानवाच्या भूमिकेत ते खपून जावं असं कुणी म्हणेल, पण बाकीच्या माणसांचं काय? २०२४ मध्ये जेम्स कॅमरूनच्या ‘एलियन्स’, ‘ट्रू लाइज’ आणि ‘द अबिस’ या तीन सिनेमांच्या फोर-के डिस्क आल्या आणि भांडण आणखी पेटलं. आता पुसण्यावर भागत नाही, यंत्र तपशील नव्यानं भरतंही. पापणी कशी असावी याचा अंदाज बांधून पापणी काढतं. स्वतः दिग्दर्शकाला हे पसंत आहे, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी, अशी चाहत्यांची पंचाईत.

पुसण्याचं एक कारण सरळ हिशेबाचं आहे. ग्रेन दर फ्रेमला नवा असल्यामुळे तो दाबून साठवता येत नाही, त्याला भरपूर जागा लागते. १०० जीबीच्या फोर-के डिस्कवर सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत मजकूर वाचता येतो, तिथे जागेची सबब चालत नाही. ओटीटीवर मात्र चालते. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणारा प्रवाह त्याच्या आतलाच. एव्ही-वन या चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीत तर मूळ ग्रेन आधी काढून टाकतात, त्याचं नुसतं वर्णन पाठवतात आणि तुमच्या टीव्हीत तसाच दिसणारा बनावट ग्रेन वरून शिंपडतात. तांत्रिकदृष्ट्या हुशारी आहेच. पण डिस्क विकत घेणारा माणूस वेडा नसतो, हे सांगायला एवढा एक मुद्दा पुरतो.

व्हीसीडीच्या जमान्यात हा वाद संभवतच नव्हता. ३५२ गुणिले २८८, म्हणजे एका फ्रेममध्ये जेमतेम १ लाख ठिपके. डीव्हीडीवर ते ४ लाखांच्या थोडे वर गेले, ब्लू-रेवर २० लाख ७३ हजार आणि फोर-केवर ८२ लाख ९४ हजार. व्हीसीडीवर नायक गुडघ्यापासून वर दिसत असेल तर त्याच्या चेहऱ्याच्या वाट्याला उभे चाळीसेक ठिपके यायचे. चाळीस ठिपक्यांत आठी कुठे मावणार? तेव्हा नाशिकमध्ये सीडी लायब्ररीच्या काउंटरवर प्रश्न एकच असायचा, ‘प्रिंट चांगली आहे ना?’ आणि त्याचा अर्थ एवढाच, की थिएटरात कॅमेरा लपवून काढलेली नाही ना, मधून कुणी उठून जाताना दिसत नाही ना. मराठी सिनेमा दोन डिस्कवर यायचा, लांबलचक हिंदी तीनवर, कारण एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटंच मावत. गाण्याच्या अंतऱ्यात डिस्क संपायची. त्या चित्रात पन्नाशीचा नायक कॉलेजात जायचा आणि कुणाला काही खटकायचं नाही.

नायक म्हातारे दिसायला लागले, यातला बराच वाटा या ठिपक्यांचा आहे, असं माझं मत आहे. विगची जाळी कपाळाला जिथे चिकटवलेली असते ती रेघ, मानेपाशी संपलेला मेकअप, कलपाच्या काळ्यात एकही करडा केस नसणं, हे सगळं आधीही होतंच. ते दिसायला लागलं ब्लू-रेपासून. आणि गंमत अशी, की जो चाहता डिस्कवर ग्रेनचा कण न् कण मागतो, तोच नायकाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या बघून हळहळतो. त्याला चित्र अस्सल हवंय आणि माणूस २५ वर्षांपूर्वीचा हवाय. दोन्ही एका डिस्कवर मिळत नाहीत. कंपन्यांनी यातली दुसरी मागणी ऐकली, पहिली ऐकल्यासारखं केलं आणि चेहरे धुवून दिले.

रविवारी सकाळी मिसळीला जमलेल्या कुठल्याही टेबलाशी हा विषय काढून बघा. दुसरा रस्सा येईपर्यंत दोन तट पडलेले असतात. ‘काय भो, साठी उलटलेल्या माणसाला विमानाला लटकवतात! पटतं का?’ ‘मग काय घरी नातू खेळवताना दाखवायचं?’ ‘दाखवलंय की, जेलरमध्ये.’ आणि खरंच, या वादात शेवटची ओळ बहुतेक वेळा रजनीकांतच्याच बाजूनं जाते. ‘जेलर’ आला २०२३ मध्ये, रजनीकांतचा जन्म १९५० चा. निवृत्त जेलर, घरात नातू, आणि मारामारीच्या जागी त्याचं नुसतं बसणं आणि चष्म्याआडून बघणं. शरीराला जे झेपत नाही ते दिग्दर्शकानं दराऱ्यावर टाकलं. त्याच वर्षीच्या ‘गदर २’मध्येही सगळ्यात जास्त शिट्ट्या मिळाल्या त्या हातपंपाला. २००१ मध्ये तारा सिंगनं तो उपटला होता. या वेळी तो त्याच्याकडे नुसता बघतो आणि समोरची गर्दी पळत सुटते. पटकथेतला यापेक्षा काटकसरी विचार विरळा. जोडीला तारा सिंगचा मुलगा जीते, पहिल्या भागात बालकलाकार म्हणून आलेला उत्कर्ष शर्माच दुसऱ्या भागात तरुण जीते झालाय. कॅलेंडर खरं असलं की प्रेक्षक बाकीचं बरंच माफ करतो.

मालिकापटात कॅलेंडरं दोन असतात, एक नटाचं आणि एक गोष्टीचं. ती जुळवून घेतली तर ‘टॉप गन’सारखं होतं. १९८६ ते २०२२ ही ३६ वर्षं गोष्टीनंही मोजली, सगळे बरोबरीचे अधिकारी वर गेले आणि नायक मॅव्हरिक एकटा कॅप्टनच राहिला, हे तिथे कथेचंच इंधन झालं. ‘रॉकी’ पहिल्या भागानंतर तीस वर्षांनी, २००६ मध्ये परतला तेव्हा म्हातारा होऊनच परतला आणि पुढे ‘क्रीड’मध्ये कोपऱ्यातल्या स्टुलाशेजारी उभा राहिला. कॅलेंडर नाकारलं की काय होतं ते बघायला १९८५ चा बाँडपट पुरे. रॉजर मूर ५७ वर्षांचे होते आणि दूरच्या शॉटमधला डुप्लिकेट डीव्हीडीवरसुद्धा ओळखू येतो. उलट टोकाला ‘इंडियन २’. पहिल्याच सिनेमात सेनापती स्वातंत्र्यलढ्यातला, सत्तरी ओलांडलेला म्हातारा; २०२४ मध्ये तोच परत आणला तेव्हा कागदावर त्याचं वय शंभराच्या पुढे गेलं. कमल हासन यांचा मेकअप कितीही बारकाईचा असला तरी थिएटरात लोक बोटांवर हिशेब करत होते.

तिसरी वाट संगणकाची. ‘द आयरिशमन’मध्ये मुख्य कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन इन्फ्रारेड कॅमेरे लावले होते. ते चेहऱ्याचा उंचसखलपणा टिपत, त्यामुळे नटाच्या तोंडावर ठिपके चिकटवावे लागले नाहीत. चेहरा तरुण झाला. मात्र किराणा दुकानदाराला फुटपाथवर आडवा पाडून लाथा मारायचा प्रसंग बघा. डी निरो लाथ मारताना शरीराचा तोल सांभाळतोय, पाय मागे घेतानाच ते कळतं. पंचाहत्तरीतला गुडघा चेहऱ्याच्या सॉफ्टवेअरला जुमानत नाही. २०२३ च्या ‘इंडियाना जोन्स’मध्ये सुरुवातीची वीसेक मिनिटं १९४४ मध्ये घडतात. तिथे जुन्या सिनेमांतली हॅरिसन फोर्डची फिल्म धुंडाळून तरुण चेहरा बसवला. तो बऱ्यापैकी बसला, पण तोंड उघडलं की आवाज ऐंशीचा. फोर्ड आणि अमिताभ बच्चन एकाच वर्षीचे, १९४२. ‘कल्की’त अश्वत्थामा म्हातारा आहे आणि म्हाताराच शोभतो, त्याचे कुरुक्षेत्रावरचे तरुण क्षण थोडक्यात उरकले, हे शहाणपण.

आवाजावरून एक जुनी गोष्ट, डिस्कवाल्यांनाच ठाऊक असलेली. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पण पाल (भारतातल्या जुन्या टीव्हीची) पद्धतीची डीव्हीडी २५ ची. मग २४ फ्रेम २५ च्या वेगानं पळवायच्या. सिनेमा ४ टक्के लवकर संपतो, दोन तासांत जवळजवळ पाच मिनिटं वाचतात आणि आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमीच, पण कानाला कळेल इतका चढतो. आवाजाची दुरुस्ती केली नसेल तर खर्जातले संवाद किंचित कोवळे होतात. नायकाला तरुण करण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, तोही नकळत झालेला. ब्लू-रेवर सिनेमा २४ नेच चालतो आणि आवाज पुन्हा आपल्या वयाला येतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये २४पी चालू आहे ना, टीव्हीत मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद आणि शार्पनेस शून्यावर आहे ना, हे आधी पाहून घ्यावं. नाहीतर डिस्कनं जपलेला चेहरा टीव्ही स्वतःच घासून देतो आणि शिव्या कंपनीला पडतात.

मराठीत वेगळाच तोडगा निघाला, तो घरगुती आहे आणि मला आवडतो. ‘झपाटलेला’ १९९३ चा. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. २०१३ च्या दुसऱ्या भागात लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही; कथेतला त्याचा मुलगा आणला आणि तात्या विंचूला दिलीप प्रभावळकरांचाच आवाज ठेवला. बाहुल्याला वय नाही, हे तर लेखकाच्या पथ्यावरच. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये एसटीतून गणपतीपुळ्याला निघाला होता, वीस वर्षांनी दुसरा भाग कोकण रेल्वेत बसला. अशोक सराफ पहिल्यात कंडक्टर, दुसऱ्यात टीसी. माणूस म्हातारा झाला, खातं बदललं, तिकीट तपासणं काही सुटलं नाही.

आता ज्या वस्तूवर हे सगळं टिकून आहे तिच्याकडे. मोझर बेअरनं २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली आणि मराठी सिनेमा घराघरांत डिस्कच्या रूपात शिरला. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्या डिस्क आता रद्दीवाल्याकडे, भंगारात किंवा आपल्याच माळ्यावर सापडतात. माळा ही नाशिकमधली त्यांची सगळ्यात वाईट जागा. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली रणरणतं, जुलै-ऑगस्टमध्ये ओल सुटते, आणि निफाडकडून थंडी आली की तापमान एकदम कोसळतं. डिस्कला थंडीचा त्रास नाही, चढउताराचा आहे. पॉलिकार्बोनेट, अॅल्युमिनियम आणि गोंद हे तिघं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि थर सुटायला लागतात. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गोदावरीच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढायच्या आत खोकी वरच्या मजल्यावर गेलेली बरी.

जुनी डिस्क घेताना ती उजेडाकडे धरून बघावी. सीडी-व्हीसीडीत मजकूर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असतो. तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, आरपार उजेड आला, तर तेवढा सिनेमा गेला. खालची बाजू आरशासारखी असली तरी उपयोग नाही. म्हणून लेबलवर बॉलपेननं नाव लिहू नये. डीव्हीडीत मजकूर मधोमध, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांत असतो. तिचा शत्रू गोंद. कडेपासून आत सरकणारा ढगाळ किंवा कॉफीच्या रंगाचा पट्टा दिसला तर सोडून द्यावी. हे फक्त स्वस्त मालात होतं असंही नाही. २००६ ते २००८ मधल्या वॉर्नर ब्रदर्सच्या बऱ्याच डीव्हीडी अशाच बाद झाल्या आणि २०२५ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं. ब्लू-रेत मजकूर वाचण्याच्या बाजूनं फक्त ०.१ मिलिमीटर खाली आणि वर कडक लेप. चरा सहसा पडत नाही, पण पडला तर थेट वर्मी. टूथपेस्ट चोळायचा जुना उपाय सीडी-डीव्हीडीच्या उथळ चऱ्याला कधीकधी लागू पडतो, कारण ती प्लास्टिक घासून गुळगुळीत करते. ब्लू-रेला टूथपेस्ट लावली की लेप गेला आणि डिस्कही गेली.

साफ करताना आधी फुंकर किंवा ब्लोअर, म्हणजे कण घासले जात नाहीत. बोटांचे ठसे असतील तर कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मायक्रोफायबरचं किंवा जुनं मऊ सुती कापड. पुसायचं मधून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलं आणि चरा पडला तर तो मजकुराच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग बराच भाग बुडवतो. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडंसंच खातो आणि तेवढं प्लेअर चूकदुरुस्तीत भरून काढतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लास्टिक दुधाळ होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. डब्यातून काढताना मधली पाकळी दाबून सोडवायची, कड धरून वाकवायची नाही; डीव्हीडीच्या मधल्या कड्याला तडा जातो तो असाच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातल्या डिस्क बाहेर काढाव्यात, ते प्लास्टिक वर्षांनी पाझरतं आणि पृष्ठभागाला चिकटतं. उभ्या ठेवाव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह, आणि पुड्या पावसाळ्याच्या आधी बदलाव्यात.

व्हीसीडीचा एक जन्मजात दोष आहे. साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट मजकूर आणि बाकी जागा चूकदुरुस्तीला. व्हीसीडीनं ती जागाही चित्राला दिली आणि मजकूर २३२४ बाइट केला. म्हणून ७०० एमबीच्या डिस्कवर ८०० एमबीच्या आसपासची फाइल दिसते आणि म्हणूनच एवढ्याशा चऱ्यानं पडद्यावर चौकोन फुटतात. ज्या मराठी सिनेमाची व्हीसीडी सोडून दुसरी प्रत मिळतच नाही, तिच्याबाबतीत थांबू नये. संगणकात टाकून एमपीइजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल उघडून बघावी; व्हीएलसी या फुकट प्लेअर-प्रोग्रॅममध्ये ती चालते. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसरा लावून बघावा, जुना सीडी-रायटर पुष्कळदा नव्या ड्राइव्हपेक्षा समजूतदार निघतो.

आणि प्लेअर. ‘लेन्स गेली’ हे निदान एमजी रोडवर पटकन मिळतं, पण वर्षानुवर्षं बंद पडून असलेल्या डीव्हीडी प्लेअरचा ट्रे उघडत नसेल तर दोष बहुधा ट्रेच्या रबरी बेल्टचा. बेल्ट ताणून सैल होतो किंवा चिकट होतो आणि पुलीवर घसरतो. मोटरचा आवाज येतो, ट्रे हलत नाही, हीच खूण. तेवढाच, त्याच जाडीचा बेल्ट घालून पुली अल्कोहोलनं पुसली की काम होतं. ट्रे उघडतो पण ‘नो डिस्क’ येतं, तेव्हा लेन्सकडे वळायचं. आधी कापसाच्या काडीनं हलकेच पुसून बघायचं, बदलायचं त्यानंतर. नवे प्लेअर मिळणं अवघड होत चाललंय. सॅमसंग २०१९ मध्ये बाहेर पडली, एलजी २०२४ मध्ये. त्यामुळे चालू स्थितीतला जुना प्लेअर भंगारात देऊ नये एवढंच म्हणेन.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, सिनेमा ओटीटीवर आहेच. आहे, पण कुठला? ‘स्टार वॉर्स’चं १९७७ मधलं रूप १९९७ मध्ये बदललं आणि त्यानंतर मूळ रूप अधिकृत डिस्कवर आलं ते एकदाच, २००६ मध्ये, तेही लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून आणि बोनस म्हणून. ‘शोले’चा शेवट आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावला, ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट धरून केलेली फोर-के प्रत २०२५ मध्ये पडद्यावर आली. मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमनं खराब झालेली, ७० एमएमची एकही प्रत शिल्लक नाही, आणि कामाला आलेला बराचसा ऐवज ब्रिटनमधल्या गोदामात निघाला. अॅसिटेट फिल्म ओल आणि उष्णतेनं कुजते, तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि ते आम्लच पुढची कूज वाढवतं. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीचा वास. पन्नास वर्षं लोकांनी पाठ केलेला शेवट वेगळाच होता, मग अस्सल कुठला? दोन्ही ठेवा, हे माझं उत्तर, आणि ब्लू-रेवर ते फुकटात होतं. सामाईक भाग एकदाच साठवायचा, वेगळी मिनिटं तेवढी जोडीला ठेवायची आणि मेन्यूतून प्रेक्षकाला निवडू द्यायचं. दोन सिनेमांची जागा लागत नाही.

हा प्रश्न नाशिकला नवा नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकलाच वारलेल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, सुमारे ३७०० फुटांचा. त्यातला काही भागच पुण्याच्या संग्रहालयात उरलाय, आणि फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, त्यामुळे उरलेली रिळं १९१३ ची नसून १९१७ ची आहेत असं काही अभ्यासक मानतात. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, पण पहिल्या भारतीय कथापटाच्या नायकाचा कुठल्या वर्षीचा चेहरा आपण बघतोय, यावर मात्र एकमत नाही. आवृत्तीवरून होणारं भांडण सिनेमाइतकंच जुनं आहे. ती फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून प्रभातसह कितीतरी रिळं गेली.

मराठी सिनेमांच्या नीट काढलेल्या ब्लू-रे यायला हव्यात, आणि परदेशात मागणी नोंदवून मोजक्या प्रती काढणाऱ्या छोट्या कंपन्या हे करून दाखवतात. त्यातल्या एकीचं नावच व्हिनेगर सिंड्रोम आहे, रोगाचं नाव दुकानावर लावायला धाडस लागतं. मराठीतली पहिली डिस्क कोणाची, यावर माझं मत ‘झपाटलेला’ला. लक्ष्या आता नव्यानं चित्रित होणार नाही आणि त्याला संगणकानं परत आणायची भाषा सुरू व्हायच्या आत त्याचा खरा चेहरा चांगल्या प्रतीत हाती असलेला बरा. निगेटिव्ह मिळाली तर तिच्यावरून, नाहीतर सापडेल त्या उत्तम प्रिंटवरून फोर-के स्कॅन, ५० जीबीची डिस्क, २४ फ्रेम, डीएनआर नाही, मूळ मोनो आवाज असेल तर तो वेगळ्या ट्रॅकवर, मराठी आणि इंग्रजी सबटायटल्स, आणि चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो नको.